मुलगा ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी म्हणतोय, तर आधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, राहायला बे एरियात. मुलगा बारावीत आहे, मार्क चांगले आहेत, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल. पण त्याला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे कमी फीचं, मुख्यतः दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय. मधेच एका खाजगी ट्रेड स्कूलचे फोन सुरू झालेत. इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे काम उरेल का, ही तुमची धास्ती. आणि पुण्याहून आजोबा दर फोनला विचारतात, ‘नातू गॅरेजात जाणार का?’

मी कोल्हापूरच्या आयटीआयतून मोटर मेकॅनिक झालो, इकडे येऊन बरीच वर्षं डीलरशिपच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, आणि आता कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात हाच विषय शिकवतो. त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेल्या मुलांकडे बघून लिहितोय. काही गोष्टी मात्र तुमच्या व्हिसावर, मुलाच्या स्वभावावर आणि त्या विशिष्ट कॉलेजवर अवलंबून आहेत. जिथे तसं आहे तिथे स्पष्ट सांगतो.

तुम्ही विचारलंय की हे क्षेत्र चांगलं का इंजिनिअरिंग चांगलं. त्याच्या आधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मुलाला गाड्या आवडतात, की गाडीत काय बिघडलंय ते शोधून काढायला आवडतं? गाड्या आवडणारी मुलं पुष्कळ येतात. त्यांना टर्बो बसवायचा असतो, सायलेन्सर बदलायचा असतो, चाकं मोठी करायची असतात. त्यात वाईट काही नाही, पण दुसऱ्या सत्रात इलेक्ट्रिकलचा विषय सुरू झाला की यातली बरीच मुलं गळतात. टिकतात ती बिघाडाच्या मागे लागणारी.

म्हणजे नेमकं काय, ते प्रयोगशाळेतल्या एका कामावरून सांगतो. एक सेडान होती. चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे, थोड्या वेळाने आपोआप जायचे. स्कॅनर लावला तर कधी सगळे मॉड्यूल उत्तर द्यायचे, कधी निम्मे गप्प. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा प्रत्येकाचा स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर, म्हणजे मॉड्यूल, असतो आणि ते सगळे दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असतील तर स्कॅनर जिथे लावतात त्या डायग्नोस्टिक कनेक्टरच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर ६० ओहम दाखवतो, कारण ते दोघे समांतर जोडणीत येतात. माझ्या विद्यार्थ्याने बॅटरी सोडवली, मीटर लावला, आकडा आला १२०. म्हणजे एक टोक तुटलेलं. मग तो अर्धा तास गाडीला हात न लावता वायरिंगचा नकाशा उघडून बसला: कोणता मॉड्यूल टोकाला आहे, तिथपर्यंत तार कुठून जाते, मधे सहज उघडता येईल असा कनेक्टर कुठला. शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचा कार्पेट उचलला तर खाली ओल होती आणि कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. पान्हा हातात घ्यायची वेळ जेमतेम आली. सनरूफचं पाणी निचरायची नळी तुंबल्याने ती ओल आली होती, हेही त्यानेच शोधलं. नुसती पिन साफ करून गाडी दिली असती तर पुढच्या पावसात ती परत आली असती.

हे वाचून तुमच्या मुलाचे डोळे चमकले तर तो योग्य जागी जातोय. घरी एक छोटी परीक्षा घेऊन बघा. वीस-पंचवीस डॉलरचा साधा मल्टिमीटर आणून द्या आणि घरच्या गाडीची बॅटरी मोजायला सांगा. गाडी रात्रभर उभी असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दिसतील, इंजिन सुरू झाल्यावर १४ च्या आसपास. मग काही बोलू नका. तो तिथेच थांबला तर ठीक. पण ‘हेडलाइट लावले तर किती?’, ‘सेल्फ मारताना किती खाली जातं?’, ‘आज १४.४ आणि काल १३.२ का?’ असं स्वतःहून करत बसला, तर त्या कुतूहलावर माझा कुठल्याही जीपीएपेक्षा जास्त भरवसा आहे.

आता कॉलेज आणि पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमेस्टर पद्धतीत युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात. असोसिएट (दोन वर्षांच्या) पदवीला किमान ६० युनिट धरले तर शिक्षण शुल्क २,७६० डॉलर होतं. ऑटोमोटिव्हचे युनिट त्याहून थोडे जास्त भरतात, शिवाय पुस्तकं, सेफ्टी बूट, गॉगल आणि अवजारं आली. ते सगळं धरूनही तुम्हाला फोन करणाऱ्या शाळेच्या फीशी याची तुलना होत नाही. खाजगी ट्रेड स्कूलमध्ये तीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातं आणि त्यासाठी कर्ज काढून द्यायला ते तत्पर असतात. त्यांची जमेची बाजू म्हणजे कोर्स लवकर संपतो आणि जागेसाठी थांबावं लागत नाही. चाळिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसाला वेळ वाचवणं परवडतं. १८ वर्षांच्या मुलाने त्यासाठी एवढं कर्ज डोक्यावर घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. दोन्हीकडून शिकलेली मुलं वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी एकाच पगारावर लागतात.

रहिवासी ठरण्याचे नियम व्हिसाप्रमाणे बदलतात. ते कॉलेजच्या अॅडमिशन ऑफिसला लेखी विचारा, मित्रमंडळींच्या सांगण्यावर जाऊ नका.

कॉलेज निवडताना पहिली गोष्ट: त्या कोर्सला एएसई एज्युकेशन फाउंडेशनची मान्यता आहे का? एएसई ही १९७२ पासून टेक्निशियनच्या परीक्षा घेणारी स्वतंत्र संस्था आहे, आणि तिची शिक्षणशाखा कॉलेजं तपासते. मान्यतेच्या तीन पातळ्या आहेत: देखभाल व हलकी दुरुस्ती, त्यावर ऑटोमोबाइल सर्व्हिस, आणि सर्वात वर मास्टर. तासांतच फरक कळेल: पहिलीला किमान ५४०, दुसरीला ८४०, तिसरीला १,२००. जाहिरातीत तिघींनाही ‘मान्यताप्राप्त’ म्हणता येतं, म्हणून पातळी विचारा. दोन वर्षं घालवायची तर मास्टर पातळीचाच कोर्स बघा.

पण कागदावरची मान्यता पुरेशी नाही. कॉलेजचा खुला दिवस असतो तेव्हा फरशी चकचकीत असते आणि सगळ्यात देखणी गाडी दारात उभी असते. त्या दिवशी जाऊ नका. प्रशिक्षकाला ईमेल करून एखाद्या साध्या मंगळवारी लॅब चालू असताना जा. एका गाडीभोवती किती मुलं उभी आहेत ते मोजा. तीन-चार असतील तर प्रत्येकाचा हात लागतो. आठ असतील तर दोघं काम करतात आणि सहा जण मोबाइल बघतात. लॅबमध्ये फक्त कंपन्यांनी दान केलेल्या, रस्त्यावर न गेलेल्या गाड्या आहेत, की विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वापरातल्या गाड्याही दुरुस्तीला येतात? हे फार महत्त्वाचं आहे. दान केलेल्या गाडीत बिघाड प्रशिक्षकाने मुद्दाम घातलेला असतो. वापरातल्या गाडीत गंजलेला बोल्ट असतो, आधी कुणीतरी चुकीची जोडलेली तार असते, ‘कधीकधी आवाज येतो’ एवढीच तक्रार सांगणारा मालक असतो. दोन्ही हवं, पण दुसऱ्याशिवाय पोरगं तयार होत नाही.

शेवटच्या सत्रातल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा की ते दुपारी कुठे काम करतात. चांगल्या कोर्सची मुलं दुसऱ्या वर्षी अर्धा वेळ कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये असतातच. काही कॉलेजांत गाडी कंपन्यांबरोबर चालवलेले कोर्स असतात: जनरल मोटर्सचा एएसईपी, फोर्डचा अॅसेट, टोयोटाचा टी-टेन, होंडाचा पॅक्ट, क्रायस्लर गटाचा मोपार कॅप. यात काही आठवडे वर्गात आणि काही आठवडे डीलरकडे पगारावर, असं आलटून पालटून चालतं. फायदा उघड आहे: कंपनीचं प्रशिक्षण पदवीबरोबरच जमा होतं, नोकरी आधीच ठरलेली असते. तोटा असा की दोन वर्षं एकाच कंपनीच्या गाड्या आणि एकाच कंपनीचा स्कॅनर हातात राहतो. तुमच्या मुलाला एखाद्या कंपनीचं खास वेड नसेल तर मी सर्वसाधारण कोर्स आणि शेजारी एखादं चांगलं स्वतंत्र गॅरेज, हे जास्त पसंत करतो. तिथे सकाळी सुबारू, दुपारी व्होल्वो येते.

आणि इथेच तुमच्या व्हिसाचा प्रश्न येतो, जो तुम्ही लिहिलेला नाही. तुमचं ग्रीन कार्ड झालं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. मुलगा एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर तो शिकू शकतो, पण पगारावर काम करू शकत नाही, म्हणजे मी वर सांगितलेलं वर्कशॉपमधलं अर्धवेळ काम, तेच बंद. ‘फुकट काम करतो’ म्हणूनही यातून वाट काढू नका, त्यात धोका आहे. शिवाय २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, आणि हा कोर्स संपता संपता तो त्याच वयाच्या जवळ पोहोचलेला असेल. अशा मुलाला मी कोर्स करू नको म्हणत नाही, पण प्रवेशाआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बसाच. नंतर कळलं तर फार त्रास होतो.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांनुसार या व्यवसायातलं मध्यम वार्षिक वेतन पन्नास हजार डॉलरच्या थोडं खाली आहे. बे एरियात त्याहून जास्त मिळतं, पण घरभाडंही तुम्हाला माहीत आहे. चांगला डायग्नोस्टिक टेक्निशियन याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त कमावतो, पण तिथे पोहोचायला पाच-सात वर्षं लागतात. मधल्या काळात मुलगा तुमच्या घरी राहिला तर त्याला मोठा आधार होईल.

इथे एक पद्धत समजून घ्या: फ्लॅट रेट. ठरावीक कामाला पुस्तकात ठरावीक वेळ असतो. समजा ब्रेकच्या कामाला दीड तास. टेक्निशियनने ते तासाभरात केलं तरी दीड तासाचे पैसे, तीन तास लागले तरी दीडच तासाचे. अनुभवी हाताला हे फायद्याचं पडतं. नवख्याला नाही, आणि त्यातून एक वाईट सवय लागते: शोधायला वेळ मिळत नाही म्हणून अंदाजाने पार्ट बदलायचे. वर सांगितलेली ती हिरवी पिन फ्लॅट रेटवरच्या नवशिक्याला कधीच सापडली नसती, तो एक महागडा मॉड्यूल बदलून मोकळा झाला असता. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगतो की पहिली एक-दोन वर्षं तासावर पगार देणारीच जागा घ्या, दोन डॉलर कमी मिळाले तरी.

अवजारांचंही तसंच. वर्कशॉपच्या दारात दर आठवड्याला अवजारांचा ट्रक येतो, उधारी लगेच मिळते, आणि वर्षभरात पोरांच्या डोक्यावर हजारो डॉलर चढतात. मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना घसघशीत सवलत देतात, ती कॉलेजात असतानाच मिळते. तेव्हा मूळचा संच घेऊन ठेवायचा आणि बाकी लागेल तसं. पेटी साधी चालते. कॅलिफोर्नियाचा एक नियम बऱ्याच मुलांना ठाऊक नसतो: मालकाला हातअवजारं कामगाराकडूनच हवी असतील तर पगार राज्याच्या किमान वेतनाच्या निदान दुप्पट द्यावा लागतो. नोकरीची पहिली बोलणी करताना हे माहीत असायला हवं.

आता इलेक्ट्रिक गाड्या. तेल बदलणं, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट ही कामं कमी होणार यात शंका नाही, आणि ज्याला तेवढंच येतं त्याने काळजी करावी. पण अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय १२ वर्षांच्या वर आहे. आज विकली जाणारी पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी तुमचा मुलगा तिशीत असेल तेव्हाही दुरुस्तीला येत असेल. इलेक्ट्रिक गाडीलाही सस्पेन्शन, टायर, ब्रेक, एसी, १२ व्होल्टची बॅटरी आणि ते सगळे एकमेकांशी बोलणारे मॉड्यूल आहेतच. वर बॅटरी थंड-गरम ठेवणारी गुंतागुंतीची यंत्रणा. विंडशील्ड बदललं तरी आता कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, तेही टेक्निशियनच करतो.

या गाड्यांतल्या नारिंगी रंगाच्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, त्याचं शिक्षण मात्र नीट हवं. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: १,००० व्होल्टपर्यंतचे रबरी मोजे हवा भरून छिद्र आहे का ते तपासायचे, त्यावर चामड्याचे चढवायचे, हाय व्होल्टेज तोडणारा प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला निर्मात्याने सांगितलेली मिनिटं थांबायचं, आणि मग मीटरने शून्य बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मीटर चालतोय ना, हे आधी आणि नंतर ज्ञात व्होल्टेजवर तपासायचं. तुम्ही लॅब बघायला जाल तेव्हा हे सगळं शिकवताना दिसतंय का ते बघा. ‘आमच्याकडे पण इलेक्ट्रिक गाडी आहे’ म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवलेली गाडी दाखवली तर तो विषय तिथे शिकवला जात नाही असं समजा.

इंजिनिअरिंगचं दार बंद होतं का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत पण मनात आहे. खरं उत्तर असं: ऑटोमोटिव्हचे बहुतेक युनिट मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत धरले जात नाहीत. तिथे कॅल्क्युलस आणि फिजिक्स लागतं. पण तेच विषय त्याच कम्युनिटी कॉलेजात, त्याच फीमध्ये मिळतात. मुलाला गणित जमत असेल तर दर सत्राला एक विषय बाजूने घेऊ द्या. तीन वर्षं लागतील, पण हातात टेक्निशियनची पदवी आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची सोय दोन्ही राहतील. याच क्षेत्रात चार वर्षांची पदवी हवी असेल तर युटातली वेबर स्टेट, मिशिगनमधली फेरिस स्टेट, कॅन्ससमधली पिट्सबर्ग स्टेट ही नावाजलेली विद्यापीठं आहेत, आणि आपल्याच राज्यात व्हिटियरचं रिओ हाँडो हे कम्युनिटी कॉलेज असूनही ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीची बॅचलर पदवी देतं. ती घेतलेली मुलं कंपन्यांच्या फील्ड सर्व्हिसमध्ये, प्रशिक्षणात, वॉरंटी विभागात जातात. वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूस तिथे फार हवा असतो.

एएसईची पूर्ण प्रमाणपत्रं कोर्स संपल्या संपल्या मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. परीक्षा देता येते, पण प्रमाणपत्राला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अशा शिक्षणाचं त्यात एक वर्ष धरलं जातं. विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशपातळीची परीक्षा आहे, ती कॉलेजात असतानाच द्यावी. स्मॉग चेकचा (गाडीच्या धुराच्या तपासणीचा) परवाना मात्र राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडून घ्यावा लागतो, आणि कॅलिफोर्नियात तो असलेल्याला काम लवकर मिळतं.

आजोबांना काय सांगायचं, तर मुलालाच सांगू द्या. व्हिडिओ कॉल लावून त्याला त्यांच्यासमोर एकदा गाडीचा कनेक्टर उघडून काय मोजतोय ते दाखवायला लावा. माझ्या घरीही वडीलधाऱ्यांचा आक्षेप कामाला नव्हता, काम दिसत नव्हतं याला होता.

आत्ता लगेच करण्यासारखं एकच: बहुतेक कम्युनिटी कॉलेजं हायस्कूलच्या मुलांनाही एखादा विषय घेऊ देतात, आणि फी बहुधा माफ असते. पुढच्या सत्राची नोंदणी उघडली की ऑटोमोटिव्हचा प्राथमिक विषय किंवा इलेक्ट्रिकलचा पहिला विषय, यांपैकी जो मिळेल तो त्याला घेऊ द्या. मला विचाराल तर इलेक्ट्रिकल. संध्याकाळच्या तुकडीत जागा असेल तर तीच घ्या, तिथे दिवसभर वर्कशॉपमध्ये काम करून आलेली माणसं शेजारी बसतात आणि त्यांच्याकडून तो या धंद्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त ऐकेल. सत्र संपल्यावर त्याचं काय मत झालं ते जरूर कळवा. कॉलेजचं नाव सांगितलंत तर तिथल्या लॅबमध्ये नेमकं काय बघायचं तेही लिहीन.